मिंट जुलेप कडू का होतोय?

काल घरी मिंट जुलेप (पुदिन्याचं कॉकटेल) केला, पुदिना ग्लासात मस्त रगडून घेतला, वर बर्बन (अमेरिकन व्हिस्की) ओतली, तर चव चक्क गवतासारखी! काय चुकलं?

— रगडलात तिथेच चुकलं. ८-१० पानं पाकात हलकेच दाबायची, वास सुटला की थांबायचं, पानं फाटली की कडवटपणा उतरतोच. मग ६० मिली बर्बन, साखरेचा पाक १५ मिली पुरे, आणि बर्फाचा चुरा पार काठोकाठ.

— +१, पण बर्फ चुराच हवा हं, क्यूब नको. अमेरिकेतल्या केंटकी डर्बीच्या घोड्यांच्या शर्यतीत हेच पितात ना. धातूचा कप असेल तर बाहेरून पांढरं दंव धरेपर्यंत ढवळत राहा.

— स्ट्रॉ आखूड घ्या, पिताना नाक पुदिन्यात गेलं पाहिजे, अर्धी मजा तिथेच आहे.

— आत्ता परत केला. कडू नाही!! फक्त बर्फ कुटताना लाटणं बोटावर बसलं.