जुनी ट्रेडमिल घेऊ का?

डोंबिवलीकर: वर्क फ्रॉम होम करून वजन ९२ वर गेलंय, गुडघेही कुरकुरतात. सोसायटीतलेच एक काका ट्रेडमिल १२ हजारात देतायत, तीन वर्षं जुनी, त्यातली दोन वर्षं कपडे वाळत घालायलाच वापरली म्हणे 😀 घेऊ का?

पोटोबा: मग पट्टा फार झिजला नसेल! पण नुसती चालू करून बघू नका, स्वतः वर चढून १५-२० मिनिटं चाला, पाय पडल्यावर पट्टा अडखळला किंवा जळका वास आला तर सरळ नमस्कार करून घरी या. आणि मोटरचा एचपी (हॉर्सपॉवर, म्हणजे ताकद) मोठा लिहिलेला असतो तो बऱ्याचदा पीक, म्हणजे क्षणभराचा कमाल आकडा असतो, कंटिन्युअस, म्हणजे सतत चालताना किती ते बघा. वजनाची मर्यादा १०० किलो असेल तर तुम्ही काठावरच.

सिंहगड_रविवारी: गुडघ्यांचं आहे तर मॅग्नेटिक सायकल (घरात व्यायामाची, चुंबकाने पेडल जड करणारी) बघा ना, बिघडायला फारसं काही नाही, खालच्या मजल्यावरचे भांडायलाही येत नाहीत

डोंबिवलीकर: बघून आलो, पट्टा सरकतोय. काका म्हणतात सिलिकॉन ऑइल टाकलं की झालं...

पोटोबा: ऑइलने घर्षण कमी होतं हो, ढिला पट्टा घट्ट नाही होत. मागचे दोन्ही बोल्ट ॲलन कीने (षटकोनी टोकाचा पाना) पाव-पाव फेरा सारखे आवळून बघा, तरी सरकला तर ८ हजाराच्या वर देऊ नका.