टीएसएच आणि पीटीएच दोन्ही वाढलेले, कॅल्शियम मात्र ठीक: काय समजावे?

कोथरूडची आई:
माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. जन्मानंतरच्या तपासणीत टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला काम करायला लावणारे संप्रेरक) थोडा वाढलेला आढळल्यामुळे तेव्हापासून थायरॉक्सिन हे थायरॉइडचे औषध सुरू आहे. सोनोग्राफीत ग्रंथी व्यवस्थित आहे. घरात सगळे तिला बाळसेदार म्हणून कौतुकाने उचलून घेत, पण आता वजन वयाच्या मानाने फारच वाढले आहे. गेल्या महिन्यात पीटीएच (रक्तातले कॅल्शियम सांभाळणारे पॅराथायरॉइड ग्रंथींचे संप्रेरक) १४२ आला (कमाल मर्यादा ६५), कॅल्शियम ९.२ आणि फॉस्फरस ७.१. ‘ड जीवनसत्त्व कमी असेल’ असे सांगण्यात आले, परंतु ते ३६ आहे. पुढे काय तपासावे?

बालरोगतज्ज्ञ, सदाशिव पेठ:
ताई, ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही पीटीएच वाढतो, पण तेव्हा फॉस्फरस बहुधा उतरतो, कारण पीटीएच मूत्रपिंडांना फॉस्फरस बाहेर टाकायला लावतो. इथे तो वाढलेला आहे. म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडांच्या कामाची चाचणी) आणि मॅग्नेशियम ठीक असल्यास मूत्रपिंडे या संप्रेरकाला दाद देत नाहीत अशी शंका घ्यावी लागते. या विकाराला स्यूडोहायपोपॅराथायरॉइडिझम म्हणतात. फुलर ऑलब्राइट यांनी १९४२ मध्ये त्याचे वर्णन केले. दोष बहुधा जीएनएएस या जनुकात असतो, आणि त्यापासून बनणारे प्रथिन पीटीएचप्रमाणेच टीएसएचलाही लागते. मूत्रपिंडांतला प्रतिरोध जन्मतः नसतो, तो हळूहळू येतो, त्यामुळे थायरॉइडची तक्रार अनेकदा आधी दिसते. मग पीटीएच, फॉस्फरस आणि सर्वांत शेवटी कॅल्शियम बिघडते. तेव्हा आजच्या ९.२ वर निर्धास्त राहू नये. मुलीची मूठ वळवून पाहा: चौथ्या (करंगळीशेजारच्या) बोटाच्या मुळाशी उंचवट्याऐवजी खळगा दिसतो का, आणि त्वचेखाली तांदळाच्या कणीसारखे काही टणक लागते का.

चिंचवडचे बाबा:
आमच्या मुलाला आठव्या वर्षी झटके आले, तेव्हा अपस्मार समजून चार महिने औषधे दिली गेली. कॅल्शियम कोणी पाहिलेच नव्हते. पाहिले तेव्हा ५.९ होते. त्याआधी वर्षभर तो बोटांना मुंग्या येतात म्हणत असे आणि आम्ही त्याला अभ्यास टाळण्याचे निमित्त समजत होतो, हे आजही टोचते. आता कॅल्सिट्रिऑल (ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप) आणि कॅल्शियम चालू आहे, झटके नाहीत.

कोथरूडची आई:
मुलीच्या हाताला खळगा नाही, पण माझ्या आहे, आणि माझ्या वडिलांच्याही. मला कॅल्शियमचा त्रास कधीच झाला नाही, म्हणून हे सांगावे असे सुचलेही नाही.

बालरोगतज्ज्ञ, सदाशिव पेठ:
नेमके तेच महत्त्वाचे आहे. मूत्रपिंड आणि थायरॉइड यांत या जनुकाची मुख्यतः आईकडून आलेली प्रत काम करते. दोष वडिलांकडून आला तर आखूड हाडे दिसतात, पण संप्रेरके सुरळीत राहतात. त्या अवस्थेचे नाव, हसू येईल, पण स्यूडोस्यूडोहायपोपॅराथायरॉइडिझम असे आहे. तोच दोष आईकडून बाळात गेला की प्रतिरोध निर्माण होतो. मुलीच्या हाताची हाडे अजून वाढती आहेत, खळगा पुढे दिसू शकतो. लहान मुलांच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टना (संप्रेरकतज्ज्ञांना) भेटून जनुकीय तपासणीबद्दल विचारा. जन्मापासूनचे सर्व अहवाल, आणि आपल्या व आपल्या वडिलांच्या मुठीचा फोटोही सोबत न्या.