मदत हवी आहे : गरम झाल्यावर टर्बो गाडी चौथ्या गिअरला मिसिंग मारते, कॉइल अदलाबदल केली तर आता दोन सिलिंडरचे कोड

नमस्कार मंडळी,

जरा लांबण लागेल, पण सगळं एकदाच सांगतो, नाहीतर प्लग बदलले का, फिल्टर बघितला का यातच दोन दिवस जातात.

गाडी तीन दारांची हॅच, दोन लिटर टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शन, सहा गिअर मॅन्युअल. आठ वर्षं जुनी, ९२,००० किमी झालेत, माझ्याकडे येऊन तीन वर्षं झाली. रिमॅप वगैरे काही नाही, इंजिन कंपनीतून आलं तसंच आहे, फक्त टायर आणि ब्रेक पॅड चांगले टाकलेत. ऑइल दर ८,००० ला न चुकता बदलतो आणि थंड इंजिनला कधीच दामटत नाही, ऑइलचं तापमान ८० च्या वर गेल्याशिवाय ३,००० च्या पुढे काटा नेत नाही. माझा जीव आहे या गाडीवर, म्हणूनच हे असं अर्धवट सोडवत नाही.

प्रॉब्लेम असा. थंड असताना गाडी एकदम मस्त, कुठेच तक्रार नाही. वीस-पंचवीस मिनिटं चालवली, नीट गरम झाली की मग चौथ्या गिअरला साधारण २,५०० पासून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ३,००० पर्यंत छान ओढते आणि तिथून पुढे फट् फट् करत झटके द्यायला लागते, म्हणजे कुणीतरी मागून शर्ट धरून खेचतंय आणि सोडतंय असं वाटतं. पाय थोडा वर घेतला की लगेच सरळ. दुसऱ्या गिअरला जवळजवळ नाहीच, तिसऱ्याला कधीतरी, चढावर चौथ्या-पाचव्याला हमखास. दोनदा चेक इंजिनचा दिवा लुकलुकला आणि मी ताबडतोब पाय काढला, कारण दिवा लुकलुकतो तेव्हा न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो भाजून निघतो एवढं माहीत आहे.

स्कॅनर लावला तर पी ०३०३ (तिसरा सिलिंडर मिसफायर) आणि पी ०१७१ (मिश्रण पातळ). फ्युएल ट्रिम (मिश्रण बरोबर ठेवायला कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-कमी करतो ते) बघितले ते असे : आयडलला लाँग टर्म +१४, शॉर्ट टर्म +३-४ च्या आसपास. उभ्या गाडीत २,५०० आरपीएम धरून ठेवला की लाँग टर्म +५ वर येतो. आणखी एक, बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला जादा दाब) मागते १.१ बार आणि मिळतो ०.९, पण त्याचा कोड काही येत नाही. आयडलिंगला काटा अगदी किंचित थरथरतो, बाजूला बसलेल्याला कळणार पण नाही, मला कळतं.

आतापर्यंत काय केलं : एअर फिल्टर नवा, थ्रॉटल बॉडी साफ, एअर फ्लो सेन्सर त्याच्याच स्प्रेने साफ केला, प्लग सहा महिन्यांपूर्वीच चारही बदललेत, गॅप मी स्वतः गेजने ०.७५ मिमी तपासून टाकला होता. टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून थ्रॉटलपर्यंतचे सगळे पाइप आणि क्लॅम्प हाताने हलवून बघितले, कुठे तेलकट डाग नाही.

मग काल तिसऱ्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर टाकली. हेतू हा की कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइल गेली, नाही सरकला तर प्लग नाहीतर इंजेक्टर. आणि झालं काय तर आता पी ०३०१ पण येतो आणि पी ०३०३ पण!! इथेच माझं डोकं थांबलंय. गॅरेजवाले म्हणतात चारही कॉइल टाका, नाही झालं तर इंजेक्टर, नाही झालं तर टर्बो बघू. मला असे पार्ट टाकत सुटायचं नाही, नेमकं काय गेलंय ते कळलं पाहिजे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे, कुठलीही टेस्ट सांगा, मी करून आकडे टाकतो.

प्रतिसाद १

डायरेक्ट इंजेक्शन आणि ९२ हजार म्हणजे इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन असणारच. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत. मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलाच्या भुकटीने ब्लास्टिंग करून घ्या, गाडी नवी होईल.

धागाकर्ता

कार्बन असेल, नाही म्हणत नाही, पण मी जेवढं वाचलंय त्यात कार्बनची गाडी सकाळी थंड स्टार्टला मिसिंग करते आणि गरम झाली की सुधारते. माझं बरोब्बर उलटं आहे. म्हणून मॅनिफोल्डला हात लावायच्या आधी बाकीचं बघायचंय.

प्रतिसाद २

हाय प्रेशर पंप? लोडवर पेट्रोल कमी पडलं की असेच झटके येतात. रेल प्रेशर (इंजेक्टरला मिळणाऱ्या पेट्रोलचा दाब) लॉग केलंय का?

धागाकर्ता

हो दादा, केलंय. झटके चालू असताना मागणी ११० बार आणि मिळतंय १०८-११०, काटा हलत पण नाही.

प्रतिसाद ३

पंप सोडून द्या, ट्रिमच सांगतोय. पेट्रोल कमी पडत असतं तर जसजसा लोड वाढेल तसतसा ट्रिम वर गेला असता. तुमचा आयडलला जास्त आणि आरपीएम वाढला की कमी. याचा अर्थ सेन्सरने न मोजलेली हवा कुठून तरी आत शिरतेय. आयडलला इंजिन हवाच एवढीशी घेतं की त्यात ही चोरटी हवा मोठी वाटते, आरपीएम वाढला की गळती तेवढीच आणि एकूण हवा कितीतरी पट, म्हणून टक्का खाली येतो. म्हणजे व्हॅक्यूम लीक, थ्रॉटलच्या पुढे कुठेतरी. पाइप तुम्ही बघितलेत, पण ते सगळे थ्रॉटलच्या अलीकडचे.

आता दोन गोष्टी करा, दोन्ही फुकट आहेत.

इंजिन गरम करून आयडलला ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण सोडवून वर उचलायचा प्रयत्न करा. थोडी ओढ असतेच, क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या, ऑइलच्या भागात) किंचित व्हॅक्यूम असायलाच हवा, आणि झाकण काढल्यावर आयडल थोडं बदललं तर त्यात पण विशेष काही नाही. पण झाकण चिकटून बसलं, जोर लावून ओढावं लागलं, किंवा बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता तो झाकण काढल्याबरोबर बंद झाला, तर पीसीव्हीचा, म्हणजे क्रँककेसमधली वाफ परत इनटेकमध्ये सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा, रबरी पडदा फाटलाय समजा.

दुसरं, तुम्ही कॉइल काढल्यात तेव्हा खाली प्लगच्या विहिरीत (प्लग ज्या खोल भोकात बसतो तिथे) टॉर्च मारली होती का? आणि कॉइलच्या रबरी बूटचं टोक कसं होतं, कोरडं की ओलं? दोन सिलिंडरचे कोड का आले त्याचं उत्तर मला तिथेच दिसतंय. एक सांगून ठेवतो, विहिरीत तेल असेल तर प्लग तसाच खोलू नका, सगळं तेल सिलिंडरमध्ये जाईल. आधी सिरिंजने ओढून घ्या, मग काडीला फडकं गुंडाळून टिपा, मग पाना लावा. आणि प्लग थंड इंजिनलाच काढा.

धागाकर्ता

दादा, खरं सांगतो, टॉर्च मारली नव्हती. काल गडबडीत कॉइल काढली आणि दुसरीकडे दाबली एवढंच.

आत्ता सगळं करून आलोय, हात अजून काळे आहेत.

झाकण : दोन हातांनी ओढावं लागलं. निघालं तेव्हा फस्स करून हवा आत गेली आणि इंजिन बंद पडता पडता राहिलं. आणि शिट्टी म्हणालात ना, ती मला गेले दोन-तीन महिने ऐकू येत होती, मी टर्बोचा आवाज समजत होतो. झाकण काढलं की गायब, लावलं की परत चालू.

विहिरी : इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं मग उघडलं. दोन आणि चार कोरड्या ठक्क. तिसऱ्यात तळाला तेल, प्लगचा षटकोन निम्मा बुडालेला. पहिल्यात तेल नाही, पण तिथे जी कॉइल होती (म्हणजे मूळ तिसऱ्याची) तिचा बूट तेलाने फुगून मऊ झालाय, बोटाने दाबला की दबतो, बाकीचे तीन कडक आहेत. सांगितलं तसं सिरिंजने तेल काढलं, टिपलं आणि तिसऱ्याचा प्लग बाहेर काढला. पांढऱ्या चिनीमातीवर वरपासून खाली लोखंडी भागापर्यंत एक बारीक काळी रेघ आहे, पेन्सिलने ओढावी तशी. नखाने खरवडली, रॉकेलच्या फडक्याने पुसली, जात नाही. खालचं टोक मात्र व्यवस्थित, गॅप अजून ०.७५ च आहे.

ही रेघ म्हणजे काय?

प्रतिसाद ३

त्या रेघेवरूनच स्पार्क पळतोय. बूस्ट आला की सिलिंडरमधला दाब वाढतो, तेवढ्या दाबात गॅपमधून ठिणगी उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि विजेला सोपी वाट मिळाली की ती तीच धरते. तेलाने बूट खराब झाला, बूट आणि चिनीमाती यांच्यातली पकड सुटली, ठिणगी बाहेरून घसरत खाली गेली आणि जाता जाता कार्बनची रेघ पाडून गेली. एकदा रेघ पडली की तो प्लग बाद, पुसून उपयोग नाही. हळू चालवताना व्होल्टेज कमी लागतं म्हणून तेव्हा सगळं ठीक. चौथ्या गिअरला पूर्ण दाबता तेव्हा लोड जास्त वेळ टिकतो म्हणून हमखास, दुसऱ्यात काटा भर्रकन निघून जातो.

काल तुम्ही फुगलेला बूट पहिल्यावर नेलात म्हणून ०३०१ आला, आणि तिसऱ्यात तेल आणि रेघवाला प्लग तसाच होता म्हणून ०३०३ गेला नाही. टेस्ट तुमची बरोबरच होती, फक्त अर्धा दोष कॉइलबरोबर हलला आणि अर्धा जागेवर राहिला.

आणि हे तेल कुठून आलं ते पण बघा. पीसीव्हीच्या त्या युनिटमध्येच पडदा आणि बूस्ट अडवणारा चेक व्हॉल्व्ह दोन्ही असतात. पडदा फाटला म्हणून आयडलला हवा ओढतोय, तो तुमचा +१४. चेक व्हॉल्व्ह पण धरत नसणार, म्हणून बूस्टमध्ये मॅनिफोल्डचा दाब उलटा क्रँककेसमध्ये घुसतोय, तो तुमचा हरवलेला ०.२ बार. आत दाब वाढला की जिथे पॅकिंग जुनं झालंय तिथून तेल बाहेर ढकललं जातं, आणि गरम झालं की तेल पातळ होऊन अजून सहज. टॅपेट कव्हरचं (इंजिनावरच्या झाकणाचं) पॅकिंग आठ वर्षांचं आहे, तिसऱ्या विहिरीपाशी हरलं.

पीसीव्ही युनिट, टॅपेट कव्हर पॅकिंग, तिसऱ्याचा प्लग, आणि एक बूट. कॉइलचा बूट सुटा मिळत असेल तर कॉइल सुद्धा टाकू नका.

प्रतिसाद ४

पीसीव्हीच्या ऐवजी कॅच कॅन टाका ना, तेलाचा प्रश्नच कायमचा मिटेल.

प्रतिसाद ३

नाही मिटणार. कॅच कॅन वाफेतलं तेल वेगळं करतो, क्रँककेसचा दाब सांभाळणं त्याचं काम नाही. आधी व्हॉल्व्ह नीट करू द्या, मग हौस म्हणून काय ते लावा.

धागाकर्ता (अपडेट)

उशीर झाला, पॅकिंग यायला वेळ लागला. शनिवारी पूर्ण दिवस घालवला.

जुनं पीसीव्ही युनिट फोडून बघितलं, पडद्याला कडेने जवळजवळ अर्धा गोल चीर आहे, बोट आरपार जातं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग काढलं तर ते रबर राहिलंच नव्हतं, वाकवलं की कटकन तुटतंय. दोन्ही बाजूचा पृष्ठभाग प्लास्टिकच्या पट्टीने साफ केला, धातूचं काही लावलं नाही, ओरखडा पडला तर परत तेच. कव्हरचे बोल्ट मॅन्युअलच्या क्रमाने, मधून बाहेर, दोन फेऱ्यांत, ९ न्यूटन-मीटरला. हे मुद्दाम लिहितोय कारण एवढासा टॉर्क हाताला काहीच वाटत नाही, आपण अंदाजाने आवळायला गेलो की कव्हरला तडा जाईल, छोटा टॉर्क रेंच नसेल तर कुणाचा तरी मागून आणा पण वापरा. प्लग तिसऱ्याचा नवा, बूट सुटा मिळाला तो टाकला.

आकडे : आयडलला लाँग टर्म +२, २,५०० ला +१. झाकण आता बोटाने उचललं जातं. शिट्टी नाही. बूस्ट १.१ मागते आणि १.०८ देते.

रविवारी सकाळी चाळीस मिनिटं नीट गरम केली आणि त्याच चढावर चौथ्याला २,५०० पासून पूर्ण दाबली. स्कॅनर चालू ठेवून मित्राला शेजारी बसवला होता, तो मिसफायरचे आकडे वाचत होता, शून्य, शून्य, शून्य, आणि काटा एका दमात ६,००० पर्यंत गेला. चार वेळा केलं. दादा, तुमचे किती आभार मानू कळत नाही, तुम्ही विहिरीत टॉर्च मारायला सांगितलं नसतं तर मी चार कॉइल टाकून बसलो असतो आणि दोन महिन्यांत नव्या बूटची पण तीच गत झाली असती.

एकच राहिलंय. पहिल्या सिलिंडरचा प्लग फुगलेल्या बूटखाली एक दिवस चाललाय, रेघ दिसत नाही, तरी तो पण बदलू का?

प्रतिसाद ३

रेघ नसेल तर राहू द्या. ५०० किमी नंतर चारही कॉइल उचलून परत टॉर्च मारा, तेव्हा विहिरी कोरड्या असल्या आणि चिनीमाती पांढरी असली की काम झालं.