कन्सल्टिंगमधून म्युच्युअल फंडाच्या रिसर्च टीममध्ये

प्रश्न: मुंबईत स्ट्रॅटेजी कन्सल्टिंगचा ५ वर्षांचा अनुभव आहे. फंड हाऊसमध्ये इक्विटी अ‍ॅनालिस्ट व्हायचंय. आधी सीएफए (गुंतवणूक विश्लेषणाची तीन लेव्हलची आंतरराष्ट्रीय परीक्षा) करू का?

उत्तर १: पहिली लेव्हल द्या, पण तिन्ही होईपर्यंत थांबू नका. एनआयएसएमची सिरीज १५ (रिसर्च अ‍ॅनालिस्टची परीक्षा) थोड्या अभ्यासात होते. खरी परीक्षा मॉडेलची, म्हणजे कंपनीच्या पुढच्या नफ्याचा अंदाज मांडणाऱ्या एक्सेल शीटची. ज्या क्षेत्रात प्रोजेक्ट केलेत त्यातलीच एक लिस्टेड कंपनी घ्या, ५ वार्षिक अहवाल आणि ८ तिमाहींचे कॉनकॉल (निकालांनंतर व्यवस्थापनाची अ‍ॅनालिस्टशी झालेली चर्चा) वाचा, ३ पानी नोट लिहा. जुन्या क्लायंटची गोपनीय माहिती मात्र चुकूनही वापरू नका. तो थेट इनसायडर ट्रेडिंगचा (आतल्या माहितीवर शेअरचे व्यवहार करण्याचा) मामला होऊ शकतो.

उत्तर २: कन्सल्टंट मंडळी इंटरव्ह्यूत अडकतात ती शेअरच्या भावावर. धंदा छान समजावतात, शेअर का घ्यायचा ते सांगत नाहीत. समजा पीई (शेअरचा भाव भागिले प्रति शेअर नफा) ४० आहे, नफा वर्षाला १५ टक्के वाढला आणि ३ वर्षांनी पीई २५ वर आला. नफा ३ वर्षांत १.५२ पट, गुणिले २५ भागिले ४०, म्हणजे भाव ०.९५ पट. धंदा दीडपट, तरी पैसे ५ टक्के बुडाले! हे गणित नोटच्या पहिल्याच पानावर हवं.

उत्तर १: अगदी बरोबर. शिवाय नफ्याशेजारी ऑपरेटिंग कॅश फ्लो (धंद्यातून प्रत्यक्ष हाती आलेली रोकड) मांडा. ग्राहकांकडची उधारी फुगली असेल तर तिथेच कळतं.