पाण्यापुरतं तरी कोल्हापूर दक्षिणेत धरायला नको का?

पंचगंगाकाठ: सरकारी हिशोबात दक्षिण विभाग म्हणजे आंध्र, तेलंगणा, कर्नाटक, तमिळनाडू, केरळ आणि पुद्दुचेरी. महाराष्ट्र पश्चिम विभागीय परिषदेत, म्हणजे शेजारी राज्यांनी एकत्र बसून बोलायच्या सरकारी मंडळात, गुजरात-गोव्याच्या पंगतीला. आता आपली पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि ते पाणी पुढं कर्नाटकात. दूधगंगा, हिरण्यकेशी, सगळ्यांची वाट तीच. २०१९ ला शिरोळ बुडालं तेव्हा सगळे कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विसर्ग विचारत होते, गुजरातच्या उकाई धरणाचा नव्हे. मग दक्षिणेच्या बैठकीत कोल्हापूर-सांगलीला जागा का नको?

बिंदूचौक: भावा, नदीवर राज्य ठरत नसतं. तसं असतं तर गोदावरीपायी नाशिक आंध्रात घालावं लागंल! १९५६ ला सीमा भाषेवर आखल्या, तरी बेळगाव-निपाणी गेलंच. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं निपाणी आपल्याला द्या म्हटलं, तेही आलं नाही. २००४ पासून महाराष्ट्राचा सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे आणि तू म्हणतोस आम्ही दक्षिणेतले. समोरच्याच्या हातात कोलीत देतोयस.

पंचगंगाकाठ: राज्य बदला असं कुठं म्हटलंय? परिषद नुसती सल्ला देते, तिच्यानं गावाची वेस हलत नाही. आणि १९५६ च्या मूळ राज्य पुनर्रचना कायद्यात म्हैसूर राज्य मुंबई राज्याबरोबर पश्चिम विभागातच होतं की. नंतर ते दक्षिणेत गेलं. तेव्हा कुणाचा दावा बुडाला?

घाटमाथा: भूगोल म्हणाल तर दख्खनचं पठार नर्मदेच्या खालीच सुरू होतं. नागपूरकरांनाही बोलवा 😄

चंदगडकर: आमचा तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. आजही बाजार बेळगावचा, दवाखाना बेळगावचा, फक्त दाखल्याला कोल्हापूर गाठायचं. विभाग कुठलाही लावा, साहेब लोकांनी एकमेकांचा फोन उचलला म्हणजे झालं.

बिंदूचौक: तेच म्हणतोय. अलमट्टीची पाणीपातळी ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करायची मुभा २०१० ला कृष्णा पाणीवाटप लवादानं दिली, परिषदेनं नव्हे. आणि बसायचंच असेल तर दोन विभागांच्या संयुक्त बैठकीची तरतूद त्याच कायद्यात आहे. ती मागा, दक्षिणेत कशाला शिरता?

पंचगंगाकाठ: संयुक्त बैठक चालेल. पण ती मे महिन्यात पाहिजे आणि त्यात नुसते सचिव नकोत, दोन्हीकडचे धरणावरचे अभियंते पाहिजेत. ऑगस्टात पाणी कुरुंदवाडात शिरल्यावर निवेदनं देऊन काय उपयोग? आमदारांना हेच लिहून देऊया, सही करतोस का बोल.

बिंदूचौक: 'दक्षिण' शब्द काढ, मग करतो.