जुन्या बीसीडीत (डायव्हिंगच्या हवा भरायच्या जॅकेटमध्ये) घरच्या घरी काय बदलता येईल? पाण्यात पाय खाली जातात

पुणेकर_पाणबुड्या
नमस्कार मंडळी. सेकंडहँड जॅकेट बीसीडी घेतली. मालवणला आणि कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला वापरली, पण आडवं राहताच येत नाही. पाय खाली जातात, फिन्स तळाला लागून गाळ उडतो. ५ मिमीचा वेटसूट, खाली जाण्यासाठी ६ किलो शिसं, सगळं कमरेच्या बेल्टवर. शिवाय खांद्याच्या, हवा सोडायच्या डम्प व्हॉल्व्हमधून बारीक बुडबुडे येतात. तिथे सायकलचं पंक्चर सोल्युशन चालेल का? घरी शिलाई मशीन आहे, हातही बसलेला आहे.

दांडी_किनारा
मालवणात टाक्या भरण्यापासून गाइडपर्यंत सगळी कामं केलीत, म्हणून स्पष्ट सांगतो. हवा धरणाऱ्या भागाला सुई लावू नका. इन्फ्लेटर (जॅकेटमध्ये हवा भरायचा बटणाचा भाग) उघडू नका; त्याचं बटण अडकलं तर जॅकेट आपोआप फुगतं आणि माणूस सरळ वर फेकला जातो.

आधी फुकटचा उपाय. जॅकेटचा पट्टा टाकीवर दोन-तीन बोटं खाली बांधा, म्हणजे टाकी तेवढी डोक्याकडे सरकते. मान मागे नेल्यावर डोकं व्हॉल्व्हला लागत नाही ना, तेवढं बघा.

तेवढ्याने भागलं नाही तर वजन वर न्या. जुन्या दप्तराच्या जाड नायलॉनचे दोन खिसे शिवा, पाठीमागे पट्टा ओवायला जागा ठेवा आणि टाकीच्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंना बसवा. प्रत्येकात १ किलो. दोरा पॉलिएस्टरचा घ्या, सुती कुजतो. तळाला पाणी निथळायला भोक हवं आणि झाकणाला बकल. बाकी शिसं बेल्टवरच राहू द्या. सगळं पाठीवर बांधलंत तर अडचणीच्या वेळी टाकणार काय?

पण मला तुमच्या ६ किलोंचीच शंका येते. शिसं जास्त झालं की ते तोलायला जॅकेटमध्ये हवा जास्त भरावी लागते. ती हवा खांद्याकडे चढते, छाती वर आणि पाय खाली. टाकीत ५० बार (हवेच्या दाबाचं माप) उरले असताना जॅकेट पूर्ण रिकामं करा, नेहमीसारखा श्वास धरून उभे तरंगा. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं तर वजन बरोबर. भरल्या टाकीवर ही चाचणी करू नका. ११.१ लिटरच्या टाकीतली २०० बार हवाच अडीच किलोच्या वर भरते आणि ती संपत आली की अॅल्युमिनियमची टाकी वर ओढते.

नेव्ही_ब्लू
फिन्स कुठल्या आहेत? जड रबरी असतील तर पाय त्यांनीच खाली जातात. एकदा तरंगणाऱ्या फिन्स कुणाकडून तरी मागून घेऊन घालून बघा. आणि ऑक्टोपस (श्वास घ्यायचा जादा मुखभाग) खडकावर घासत असेल तर सायकलच्या ट्यूबची रिंग कापून छातीच्या डी-रिंगला बांधा. ओढला की सुटतो.

दांडी_किनारा
ट्यूबची रिंग उत्तम, फक्त दर सीझनला बदला, उन्हाने चिरते.

बुडबुड्यांचं राहिलं. जॅकेट फुगवून व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी सोडा. व्हॉल्व्हच्या सीटवरून (झडप टेकते त्या जागेवरून) हवा जात असेल तर बहुधा मीठ किंवा वाळूचा कण अडकलाय. झाकण फिरवून काढा, गोड्या पाण्याने धुवा, पुन्हा बसवा. कापडाला भोक असेल तर युरेथेनचा गोंद लागतो, सायकलचं सोल्युशन त्यावर टिकत नाही. त्यानंतरही गळलं तर सर्व्हिसला द्या.

पुणेकर_पाणबुड्या
दादा, मनापासून आभार. खिसे शिवतो, पण आधी पूलमध्ये टाकी सरकवून बघतो. वजनाची चाचणी पूलमध्येच केली तर चालेल?

दांडी_किनारा
चालेल, पण खारं पाणी जास्त उचलतं. पूलमधला आकडा समुद्रात साधारण २ किलोंनी वाढतो. मालवणला आलात की पहिल्या डाइव्हच्या शेवटी पुन्हा करा. आणि जॅकेट नीट बसेपर्यंत प्रवाळापासून दोन हात लांब राहा. इथला समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे, आणि फिनच्या एका फटक्याने तुटलेली फांदी वाढायला वर्षं लागतात.