प्रति: सभा दर आठवड्याला की पंधरा दिवसांनी?

दर आठवड्याला वक्ता मिळत नाही, म्हणून रोटरी क्लबची सभा पंधरा दिवसांनी घ्यावी, असं या चर्चेत सुचवलंय. नियमात ते बसतं. रोटरीने २०१६ पासून महिन्यातून किमान दोन सभांची मुभा क्लबांना दिली आहे. तरी मी साप्ताहिक सभेच्याच बाजूचा. १९०५ मध्ये शिकागोत रोटरीचे संस्थापक पॉल हॅरिस आणि त्यांचे तीन सोबती पहिल्यांदा जमले तेव्हा पाहुणा वक्ता नव्हताच. पुढे पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भेटत राहिले, आणि त्यातूनच माणसं जोडली गेली.

शिवाय वक्ते गावातच असतात हो! आमच्याकडे नगरपालिकेचे व्हॉल्व्हमन काका आले होते. त्यांनी टाकीपासून शेवटच्या गल्लीपर्यंतची लाइन फळ्यावर काढली आणि टोकाच्या घरांना पाणी का चढत नाही ते दाखवलं. प्रश्न संपता संपेनात. अशा माणसाला पुरती वीस मिनिटं द्या. हार, परिचय, अध्यक्षांचं मनोगत यातच निम्मा वेळ जातो आणि मग पाहुण्याच्या हातात ‘आटोपतं घ्या’ची चिठ्ठी पडते, हे फार वाईट दिसतं. तीन महिन्यांची यादी आधी ठरवा, आदल्या आठवड्यात पुन्हा फोन करा. वक्त्यावाचून सभा अडणार नाही.